सातवीनंतरची वाट

जूनचा पहिला आठवडा लागला की तालुक्याच्या बाजारपेठेत दोन दुकानांपुढे गर्दी होते. एक कृषी सेवा केंद्र, दुसरं वह्या-पुस्तकांचं. दोन्हीकडे जाणारा पैसा बहुतेक घरांत एकाच डब्यातून निघतो. पेरणी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे सोयाबीनच्या पिशव्या आणि डीएपीची पोती आधी घरी येतात, वह्या मागून. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडतात (विदर्भात उन्हामुळे आणखी आठ-पंधरा दिवस उशिरा). त्या वेळी मृगाचा चांगला पाऊस झालेला असेल तर वर्गातली कितीतरी मुलं रानात असतात. पहिल्या आठवड्यात हजेरी कमी का, हे गावातल्या शिक्षकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

या धांदलीत सातवी संपवून आठवीत जाणारं मूल घरात असेल तर तिथली तयारी निराळी असायला हवी. राज्यातल्या असंख्य गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने पहिली ते आठवी हा एकसंध टप्पा मानला. आपल्या शाळांची घडण मात्र त्याआधीची. पहिली ते सातवी एकीकडे, आठवी ते दहावी दुसरीकडे. काही शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला, पुष्कळ ठिकाणी तो जोडला गेला नाही. म्हणून तेराव्या वर्षी, अंगात आणि मनात सगळंच बदलत असताना, मुलाला गावाबाहेरचं हायस्कूल गाठावं लागतं. तिथे शिक्षण टिकणार की तुटणार हे दप्तरावर ठरत नाही. घर ते हायस्कूल हे अंतर रोज, पावसात आणि उन्हात, कसं कापलं जाणार यावर ते ठरतं. मुलीच्या बाबतीत तर फारच. मे महिन्यात पालकांनी सगळ्यांत आधी काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, मुलीबरोबर तो रस्ता एकदा चालून या.

माझी भाची यंदा आठवीत गेली. तिचं गाव मराठवाड्यात, हायस्कूल चार किलोमीटरवर. सुट्टीत मी बहिणीकडे गेले तेव्हा घरात दप्तराचा रंग आणि गणवेशाचं माप याच्या गप्पा चालल्या होत्या. भाचीच्या डोक्यात वेगळंच होतं. "मावशी, शनिवारचं कसं करायचं?" ती म्हणाली. शनिवारी हायस्कूल सकाळी साडेसातला भरतं आणि साडेअकराला सुटतं. गावात पहिली एसटी नऊला येते. सोमवार ते शुक्रवार ती साडेदहाच्या शाळेला बरोबर पोचवते. शनिवारी ती हायस्कूलच्या गावी पोचते तोवर निम्मी शाळा झालेली असते. मोठ्या माणसांच्या लक्षात न आलेली अडचण पोरीच्या लक्षात आली होती, कारण जायचं तिला होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ताई, भाची आणि मी त्या रस्त्याने चालत निघालो. गावच्या कमानीपासून पुढे वस्त्या आहेत, गोठे आहेत, ओळखीची माणसं आहेत. तेवढा भाग निर्धास्त. मग दीडेक किलोमीटर एकही घर नाही. मध्ये ओढा, त्यावर नळकांड्यांचा बुटका पूल. मोठा पाऊस झाला की पाणी पुलावरून जातं आणि ओसरेपर्यंत दोन्ही काठांवर माणसं ताटकळतात. ओढ्यापलीकडे चढ. आणि हायस्कूलच्या गावात शिरताना, अगदी फाट्यावर, देशी दारूचं दुकान. ताई तिथे थबकली. लग्न होऊन आल्यापासून ती या रस्त्याने कितीदा तरी गेली असेल, पण एसटीच्या खिडकीत बसून. तेरा वर्षांच्या मुलीच्या नजरेने तिने तो रस्ता त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

रस्ता पाहिल्यावर नुसती धास्ती उरत नाही, कामं दिसू लागतात. गावातून आठवीला जाणाऱ्या आणखी चौघीजणी होत्या. त्यांच्या आयांशी ताई संध्याकाळी बोलली. पाचही जणींनी मारुतीच्या पाराजवळ जमायचं आणि एकत्रच निघायचं. दारूच्या दुकानाला वळसा घालून हायस्कूलच्या मागच्या अंगाने जाणारी एक पायवाट आहे, परतताना तीच धरायची. ओढ्याला पाणी आलं तर पूल ओलांडायचा नाही. हायस्कूलच्या गावात एकीची आत्या राहते, तिच्याकडे थांबायचं आणि घरी फोन लावायचा. रस्त्यात कुणी त्रास दिला तर घरी सांगायचं. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा नंबर पाचही जणींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. आणि त्रासाची गोष्ट घरी सांगितली म्हणून कुणाचीही शाळा बंद होणार नाही, असं आयांनी मुलींना तोंडाने सांगितलं. हे शेवटचं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपलीच शाळा सुटेल या भीतीने मुली गप्प राहतात, हे खेड्यात काम करणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा.

माझ्या त्याच मुक्कामात भाचीसाठी सायकल घेतली, जुनी, बावीस इंची. दुकानदाराने मागच्या चाकाला ओढणी अडकू नये म्हणून जाळी लावली, चेनला कव्हर बसवलं आणि सीट पार खाली केली. "पाय टेकले पाहिजेत, ताई. पोरगी वाढंल तशी सीट वर घेऊ." मग त्याने स्वतःहून चेन उतरवली आणि भाचीला म्हणाला, बसव आता. मागच्या लहान चक्रावर चेन आधी चढवायची, पुढच्या मोठ्या चक्राच्या दात्यांत तिचा एक भाग अडकवायचा आणि पेडल हळूहळू फिरवायचं. हात काळेमिट्ट होईपर्यंत तिने ते पुन्हा पुन्हा केलं. निर्मनुष्य दीड किलोमीटरवर चेन उतरली तर काय, या प्रश्नाचं उत्तर तिच्या हातात आलं होतं.

सायकलीने खरोखर किती फरक पडतो हे मोजून पाहिलेलं आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि त्या बाबतीत मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. हा फरक जास्त करून तीन किंवा अधिक किलोमीटर दूर शाळा असलेल्या गावांत दिसला. सायकलीवर घोळक्याने जाणाऱ्या मुली रोज दिसू लागल्या आणि मुलीने घराबाहेर पडण्याकडे बघण्याची गावाची नजरही सैल झाली, असं ते सांगतात.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाखाली असलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२ मध्ये ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागते. पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात, म्हणून खातं आधी उघडून ठेवायला हवं, आणि सायकल घेतल्याची पावती जपून ठेवायला हवी. याच तालुक्यांत मुलींसाठी मानव विकासच्या खास बसही धावतात. त्याशिवाय राज्यभर पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मुलग्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. पाससाठी मुलांना आगारात रांग लावायला लागू नये म्हणून अलीकडे एसटीने शाळेतच पास द्यायला सुरुवात केली आहे. मुख्याध्यापकांनी मुलांची यादी वेळेवर दिली तरच ते काम पहिल्या आठवड्यात होतं. पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच त्याची आठवण करून द्यावी.

पास असतो, पण बस वेळेवर नसते, आणि भाचीच्या शनिवारचा प्रश्न तिथेच उभा राहतो. बसची वेळ आगार व्यवस्थापक ठरवतात. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचं पत्र, त्यासोबत त्या मार्गावरून येणाऱ्या मुलामुलींची गाववार यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव अशी कागदपत्रं शाळा उघडायच्या आधी आगारात पोचली, तर शनिवारी एक फेरी लवकर सोडणं अवघड नसतं. एकट्या पालकाच्या तोंडी तक्रारीचं तिथे काही होत नाही. ताईच्या गावाने ठराव केला आहे, यादीत तीन गावांची नावं आहेत. फेरी सुरू होईपर्यंत शनिवारी पाच सायकली.

आता कागदांचं. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा असतो. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात ते स्पष्ट आहे. त्यामुळे "दाखला आणा, मग वर्गात बसा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे हे कलम दाखवावं. दाखला हातात पडला की घरी नेऊन उजेडात वाचावा. मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, जन्मगाव, जात-पोटजात, सगळं आधार कार्डाशी आणि जन्मदाखल्याशी ताडून पाहावं. पहिलीत नाव घालताना कुणीतरी घाईत सांगितलेली तारीख जनरल रजिस्टरात बसलेली असते आणि तीच पुढे दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रापर्यंत चालत जाते. बोर्डाचा शिक्का पडल्यावर दुरुस्तीसाठी किती हेलपाटे पडतात ते ज्यांनी घातलेत त्यांना माहीत आहे. आठवीत हातात दोन वर्षं असतात.

सातवीची गुणपत्रिकाही त्याच फायलीत ठेवावी, कारण आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना ती देता येते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५० टक्के पुरतात. निवड झाली की नववी ते बारावी दरमहा १००० रुपये, वर्षाला १२ हजार. शिक्षणाच्या दृष्टीने गावातल्या घराला याहून मोठा आधार मला तरी माहीत नाही, आणि तरीही कितीतरी घरांना या परीक्षेचं नाव अर्ज भरायची मुदत टळल्यावर कळतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवला तर मुदत टळायची वेळ येत नाही.

या पैशाचं महत्त्व पटायला आठवी आणि नववी यांच्यामधली फट पाहावी लागते. आठवीपर्यंत अनुदानित शाळेतही पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. दुपारची खिचडी मिळते. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. नववीत हे सगळं एकाच जूनमध्ये थांबतं. बालभारतीची पुस्तकं विकत, डबा घरून, शिवाय शिकवणी लावायची का हा प्रश्न. ज्या घरात वर्षभराचा हिशेब पेरणीच्या आधी मांडला जातो, त्या घराला आठवीच्या जूनमध्येच पुढच्या जूनचा खर्च दिसला पाहिजे. वरच्या वर्गातल्या ताई-दादांची नववीची पुस्तकं आत्ताच सांगून ठेवली तर त्यातलं पुष्कळ निभावतं.

अभ्यासातही आठवी वेगळी. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. आठवीला प्रत्येक विषयाचा पेपर ६० गुणांचा, त्यात ३५ टक्के म्हणजे २१ गुण हवेत. नापास झालेल्यांसाठी पुन्हा परीक्षा होते, तीही हुकली तर मूल त्याच वर्गात राहतं. सातवीपर्यंत आपोआप वर चढलेल्या मुलांना याचा अंदाज नसतो. त्यातच कित्येक हायस्कुलं आठवीपासून गणित आणि विज्ञान सेमी-इंग्रजीत शिकवतात. लसावि, मसावि, काटकोन, कर्ण उत्तम येत असलेली मुलगी पहिल्या महिन्यात गप्प बसते. तिला गणित येतं, फक्त फळ्यावर काय लिहिलंय ते ओळखू येत नाही. सुट्टीत सातवीचंच गणिताचं पुस्तक दोन्ही माध्यमांचं शेजारी शेजारी ठेवून वहीत दोन रकाने पाडले आणि रोज थोडे शब्द लिहिले तरी जूनमध्ये तिचा हात वर जाईल. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. आणि सेमी झेपत नसेल, तर मराठी माध्यमाची तुकडी मागण्यात कमीपणा काहीच नाही. जे समजतं त्याच भाषेत विज्ञान शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

शरीराबद्दल घरात मोकळेपणाने बोललं जात नाही, म्हणून इथे लिहिते. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने उंच होतात, मुलगे चौदाव्याच्या. म्हणून गणवेश शिवताना शिंप्याला माया भरपूर ठेवायला सांगावं. दिवाळीत उसवून वाढवता येतो. त्या झपाट्याच्या वाढीला लोह लागतं आणि पाळी सुरू झाल्यावर तर आणखीच. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग मुली ती गुपचूप टाकून देतात. सकाळी भाकरी खाऊन निघालेली मुलगी ती गोळी पचवते. प्रवेशाच्या दिवशी आईने हायस्कूलचं मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन पाहावं. आतून कडी लागते का, नळाला पाणी येतं का, पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का. नसेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगावं, आणि एकटीने नव्हे, चार आयांनी मिळून. महिन्यातले चार दिवस घरी राहणारी मुलगी वर्षाकाठी दीड महिन्याच्या शाळेला मुकते.

सातवी-आठवीच्या या सांध्यावर सुटलेल्या मुलीचं पुढे काय होऊ शकतं, त्याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. पाचांत एकीहून अधिक. रस्ता लांब आहे म्हणून घरी बसवलेली मुलगी वर्षभरात "मोठी दिसायला लागली" या वाक्यापाशी येते, आणि त्या वाक्यानंतर स्थळं बघायला सुरुवात होते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमध्ये तर जूनमध्ये पुरी करावी लागते अशी आणखी एक तयारी आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. आठवीच्या वर्गातलं दुसरं सत्र अख्खं त्यात जातं. तेरा वर्षांची मुलगी सोबत गेली तर खोपीवर धाकट्यांना सांभाळते, मोळ्या बांधू लागते. मागे एकटी ठेवली तर तिच्या काळजीने आईला झोप लागत नाही. या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवता येतं, पण ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि शाळा व्यवस्थापन समितीने मुलांची यादी करून मागणी केल्याशिवाय ते सुरू होत नाही. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहं ठरली. आपल्या तालुक्यातलं उघडलं आहे का, जागा आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात आत्ताच विचारून यावं. कारण पावसाळ्यातच ऊसतोडीचा मुकादम गावात येतो आणि कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागे, उचल (आगाऊ पैसे) देऊन जातो. ती घेतली की नवरा-बायको दोघांचाही हंगाम बांधला जातो. मुलगी दिवाळीनंतर कुणाजवळ राहणार, हे त्या पैशाला हात लावायच्या आधी ठरलेलं असावं.